पुस्तकातलं लाल पाणी

आधीच सांगते, पुस्तक चांगलं आहे. उगाच नावं कशाला ठेवा? मी ते दोनदा वाचलं, दोन्ही वेळा रडले आणि दोन्ही वेळा स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. खाण आमची, गल्ली आमची, घर आमचं, आणि मी रडत होते कुणासाठी, तर लेखकानं मनानं रचलेल्या माणसांसाठी. खरी माणसं शेजारच्या खोलीत कण्हत होती, त्यांच्यासाठी मला कधी एवढं भरून आलं नव्हतं. पुस्तक मिटलं आणि कुकर लावायला उठले.

मी खाणीच्या धुलाईघरात कामाला आहे. खाणीतून वर आलेले कामगारांचे कपडे, त्या धुळीनं भरलेल्या डांगऱ्या, आधी हातानं झटकायच्या आणि मग मशीनमध्ये घालायच्या. न झटकता घातल्या तर मशीनची जाळी तुंबते आणि मुकादम बोंबलतो. बायकांच्या छात्या तुंबल्या तर त्याचं काही बिघडत नाही. माझा नवरा खाली ड्रिल चालवायचा. त्याच धुळीनं गेला, खोकून खोकून, अंथरुणाला खिळून. पुस्तकात त्याला सुरुंगाच्या स्फोटात मारलाय. मी लेखकाला विचारलं, असं का हो? तर म्हणतो, "काकू, खोकल्यानं मरायला फार पानं लागतात." घ्या! म्हणजे आमच्या माणसाला मरायचंसुद्धा नीट जमलं नाही. मी चहाचे कप उचलले.

घरात आम्ही चौघं. मी, माझे धाकटे दीर, त्यांची बायको म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि त्यांची लेक. लेकीला सगळी गल्ली भिंगरी म्हणते. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. आता मात्र दारात खुर्ची टाकून बसलेली असते, कारण पाय सुजतात, चपलेत मावत नाहीत. धाकटी म्हणजे गरीब गाय. कुणी दटावलं तर घाबरते, कुणी गोड बोललं तर पोटातलं सगळं ओकून मोकळी होते. अक्षराला अक्षर लावून वाचते, तेही बोट ठेवून.

आमच्या गल्लीच्या मागं खाणीच्या गाळाचं तळं आहे. दगड दळून दळून पीठ करतात, त्यातला धातू काढून घेतात आणि उरलेला राखाडी रेंदा पाइपातून आणून आमच्या पाठीशी ओततात. तो झिरपतो आणि आमच्या विहिरीत उतरतो. आणि आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथंच आहे. आमचं पाणी नितळ आहे. इतकं नितळ की विहिरीच्या तळाची खडी दिसते. वास नाही, रंग नाही, चव म्हणाल तर गोड. पाहुणे पिऊन म्हणायचे, वा, काय पाणी आहे! आम्हीही वर्षानुवर्षं तेच म्हणत होतो.

भिंगरीला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, मूत्रपिंडं चाललीत. पाणी बदला. पाणी बदललंत तर पोर तग धरेल, नाहीतर माझी औषधं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. आता बदला म्हणजे कुठून बदला? चांगलं पाणी आहे ते वरच्या तलावात, आणि त्याचा नळ जातो साहेबलोकांच्या वसाहतीत. पण ते पाणी खेचणारं पंपघर माझे भावजी चालवायचे. ते रोज हत्यारांच्या पिशवीत पान्ह्याखाली एक कॅन लपवून आणायचे. ते पाणी फक्त भिंगरीचं. आम्ही तिघं विहिरीचंच प्यायचो. हळूहळू पोरीची सूज उतरायला लागली, एकदा तर स्वतःच्या पायानं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आली. धाकटीनं त्या दिवशी शेजारीपाजारी सगळ्यांना बोलावून चहा पाजला.

असं सगळं जरा रुळावर येतंय तोच लेखक आला. खाणीवर कादंबरी लिहायचीय, राहायला जागा हवीय. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! पण भावजी म्हणाले, वहिनी, राहू दे, आपलं गाऱ्हाणं कुणीतरी लिहील. मागची खोली दिली. माणूस चांगला होता. आपलं ताट आपण घासायचा, भिंगरीला गणितं शिकवायचा. वाईट असता तर बरं झालं असतं, मी पहिल्याच दिवशी त्याचं बोचकं रस्त्यावर फेकलं असतं. विहिरीवर जाऊन तासन्‌तास बसायचा.

"काकू, पाण्याला वास कसला येतो?"

"कसलाच नाही."

"पावसाळ्यात रंग तरी बदलत असेल?"

"अहो नाही. हेच तर दुखणं आहे. दिसत नाही म्हणून तर प्यायलो ना आम्ही!"

त्याचा चेहरा असा पडला, की जेवायला बोलावून भाजी संपली सांगावं. मग तो धाकटीकडं वळला. मी दिवसभर धुलाईघरात, भावजी पाळीवर, आणि घरात ही बाई आणि तो. गोड बोलून विचारल्यावर तिनं काय काय सांगितलं असेल ते देवच जाणे. कॅनची गोष्ट मात्र सांगितली, पान्ह्यासकट.

तो गेला. पुस्तक आलं. आलं म्हणजे गाजलं, बक्षिसं मिळाली, मोठमोठ्या लोकांनी लिहिलं की खाणीनं मातीचा आणि पाण्याचा केलेला घात इतक्या जिवंतपणे कुणीच मांडला नव्हता. पुस्तकात विहिरीचं पाणी लाल होतं. लालभडक. आकाशातून पक्षी टपाटप पडतात. मी आणि धाकटी मिळून त्यानं एकच बाई केलीय, तिला तोंड म्हणून नाही, नुसतं रडायचं. म्हणजे माझी जीभ कापून टाकली आणि धाकटीचे डोळे ठेवले. भिंगरीचं नाव बदलून पाखरू ठेवलं आणि शेवटी तिला मारलं, गाळाच्या काठावर, आईच्या मांडीवर, सूर्य मावळताना. गाळाच्या काठावर पाय ठेवला तर गुडघ्यापर्यंत आत जातो, तिथं मांडी घालून बसायचं कसं हे त्यानंच करून दाखवावं. पण लोक तिथंच सगळ्यात जास्त रडतात, मीही रडले.

मग लोक यायला लागले. गाड्या करून. विहिरीत डोकावायचे आणि हिरमुसायचे. "लाल कधी असतं हो?" एक बाई भिंगरीला बघून दचकली आणि म्हणाली, "अगंबाई, ही जिवंत आहे?" जशी काय आम्हीच तिला फसवलंय! मी झाडू घेऊन निघाले होते, धाकटीनं हात धरला. भिंगरीला मात्र ते सगळं आवडायचं. आजारी पोरीकडं इतकी माणसं बघायला येतात, बोलतात, फोटो काढतात. पुस्तक तिला तोंडपाठ झालं. रोज संध्याकाळी आईला वाचून दाखवायची, स्वतःचं मरण तर अगदी हावभाव करून.

पुस्तकातलं सगळ्यात देखणं प्रकरण म्हणजे कॅनचं. बाप लेकीसाठी पाणी चोरतो, रखवालदारासमोरून जाताना त्याचं काळीज कसं धडधडतं, पान्ह्याखाली कॅन कसा डुचमळतो. वाचणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. खाणीच्या मॅनेजरच्याही आला. त्यानं म्हणे ते प्रकरण आपल्या बंगल्यावर पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि दुसऱ्या दिवशी गेटवर पंपघरातल्या प्रत्येक माणसाची पिशवी उघडून बघितली.

भावजी पकडले गेले. कामावरून काढलं नाही, साहेबांचं मन मोठं ना! पंपघरातून उचललं आणि गाळाच्या पाइपावर टाकलं. आता आपल्याच घरामागं रेंदा ओतायचा, हे त्यांचं काम. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. भिंगरी परत विहिरीच्या पाण्यावर आली आणि तिचे पाय परत फुगायला लागले. मी लेखकाला फोन लावला आणि धू धू धुतला.

तो फोनवर रडला. "काकू, मी सगळ्यांची नावं बदलली होती हो."

"नावं बदललीत! पण पंपघर एकच आहे ना या खाणीला! आयजीच्या जिवावर बायजी उदार! पाणी आमचं गेलं आणि कौतुक तुमचं झालं!"

रडला, पण नुसता रडून थांबला नाही, हेही सांगायला हवं. त्याच्या ओळखीनं शहरातून एक समिती आली. त्यांनी पाण्याची तपासणी करायचं ठरवलं. बाटल्या धाकटीनं भरल्या, कारण रोज पाणी तीच भरते आणि घरच्या माणसाच्या हातानं भरलेलं हवं होतं. बाटल्यांवर मोहर, मोहरेवर तिची सही. एक वाटा तपासणीला, एक कंपनीला. अहवाल आला, पाण्यात विष आहे. मग सुनावणी लागली. अधिकारी दोन्ही बाजू ऐकणार आणि पटलं तर कंपनीला हुकूम देणार, की वरच्या तलावाचा एक नळ आमच्या गल्लीत आणा. बस, एक नळ. खाण बंद करा असं आम्ही म्हणत नव्हतो. आम्हाला भिंगरी हवी होती.

समितीच्या माणसानं धाकटीला बजावलं होतं, जे पाहिलंत तेच सांगा. पण घरात तिची मास्तरीण वेगळीच होती. आत संध्याकाळी दोघी बसायच्या, पोर वाचायची, आई मागून म्हणायची. मला वाटलं, नेहमीचं वाचन चाललंय, तेवढाच पोरीला विरंगुळा. पोरीनं आईला काय समजावलं ते मला नंतर कळलं. "आई, पाणी छान दिसतं असं म्हणालीस तर नळ कोण देईल? लाल म्हण. सगळ्या जगाला माहितीय की लाल आहे. साहेबांनी पण पुस्तक वाचलंय." आणि खरं सांगू, पोरीचं काय चुकलं? येणाऱ्या-जाणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांनी तिला हेच शिकवलं होतं. नितळ म्हटलं की गाड्या वळवून निघून जायचे.

सुनावणी गावाच्या सभागृहात होती. वर पंखे कुरकुरत होते, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर टेबलावर हिरवं कापड आणि मागं अधिकारी. भावजींना रजा मिळाली नाही, ते पाइपावर होते. कंपनीतर्फे एक वकीलबाई होत्या. आवाज असा मऊ, की भूल द्यावी.

"घाबरू नका हं. पाणी तुम्ही स्वतः भरलंत ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

"रोज तुम्हीच भरता?"

"हो."

"मग तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? सांगा बरं, दिसायला कसं असतं?"

धाकटीनं भिंगरीकडं पाहिलं. भिंगरीनं मान हलवली, परीक्षेत शेजारच्याला खुणावतात तशी.

"लाल," धाकटी म्हणाली. आणि मग जी सुटली ती थांबेना. "लालभडक. जखम धुतल्यासारखं. बादली वर येते तेव्हा वाटतं, धरणीच्या पोटातून कुणीतरी..."

"...कुणीतरी हंबरडा फोडतंय," वकीलबाईंनी वाक्य पुरं केलं. त्यांच्या हातात पुस्तक होतं, खूण घालून ठेवलेलं. "पुढं म्हणा ना. पक्षी?"

"पक्षी टपाटप पडतात," धाकटी म्हणाली. तिला वाटलं, बाई मदत करताहेत.

सभागृह हसलं. कंपनीचे लोक हसले त्याचं काही नाही, आमच्या गल्लीतलेही हसले. वकीलबाईंनी कंपनीच्या वाट्याची बाटली काढली, मोहर दाखवली, सही दाखवली आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत पाणी होतं की नाही तेही कळू नये इतकं स्वच्छ.

"बाई, सही तुमचीच ना? हे लाल आहे का?"

मी उठले आणि मागून ओरडले, "अहो, ते नितळच आहे! नितळ आहे म्हणूनच तर मारतंय! तिला पुस्तकानं बिघडवलीय, पाण्याला बघा ना!" अधिकारीसाहेब म्हणाले, खाली बसा, तुमची पाळी नाही. मी बसले नाही, तेव्हा शिपायानं खांदा दाबून बसवलं.

"साहेब," वकीलबाई म्हणाल्या, "एकतर यांनी भरलेलं पाणी हे नव्हे, किंवा या खरं बोलत नाहीत. अहवाल उभा आहे तो यांच्या एका सहीवर. यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, आपण ठरवा."

लेखक दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याला विचारलं, पाणी लाल पाहिलंत का? हो म्हणाला असता तर जीभ झडली नसती त्याची. एवढं मोठं पुस्तक भरून खोटं लिहिलं, तिथं एक शब्द आणखी. पण नाही! माणूस सज्जन ना. उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "लाल रंग माझ्या कल्पनेतला आहे. मी तसं पाणी कधी पाहिलं नाही."

"आणि ती मुलगी? शेवटी मरते ती?"

उत्तराची वाट न बघता वकीलबाई आमच्याकडं वळल्या. "बाळ, जरा उभी राहतेस?"

भिंगरी उभी राहिली. पायात बापाच्या मोठ्या चपला, चेहरा सुजलेला, आणि त्यावर हसू. सगळं सभागृह आपल्याकडं बघतंय म्हणून हसू! सूज दुरून गुटगुटीत दिसते. वकीलबाई म्हणाल्या, बघा साहेब, सुखरूप आहे. साहेबांनी मान डोलावली, चष्मा काढला, पुसला आणि लिहून टाकलं, की साक्ष विश्वासार्ह नाही, अहवाल ग्राह्य नाही, अर्ज फेटाळला.

बाहेर व्हरांड्यात लेखक माझ्यासमोर आला. डोळे भरलेले. म्हणाला, "काकू, नितळ पाणी पानावर दिसत नाही. काहीतरी दिसावं लागतं. पुढच्या आवृत्तीत मी एक टीप..."

"पोरीची पुढची आवृत्ती निघत नाही," मी म्हणाले. "दिसत नाही तेच लिहायला तर तुम्हाला घरात ठेवून घेतलं होतं. दिसतंय ते आम्हीच दाखवलं असतं की!" आणि मग मी त्याला अशा शिव्या दिल्या की ऐकणाऱ्या शिपायानं मान फिरवली. लेखकानं ऐकून घेतल्या. मला त्याचाही राग आला. निदान उलटून तरी बोलायचं होतं.

तेवढ्यात आतून दुसरा शिपाई आला. साहेबांनी मुलीला आत बोलावलंय. धाकटीनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. "ताई, साहेबांना दया आली. ताई, पोरीला बघून त्यांना दया आली." मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? वाटलं की माणूसच आहे, त्यालाही लेकरं असतील. आम्ही तिघी आत गेलो.

साहेबांनी कोट काढून खुर्चीला अडकवला होता, चहा पीत होते. उठून उभे राहिले, भिंगरीला स्वतःची खुर्ची दिली. मग ड्रॉवरमधून पुस्तक काढलं.

"माझ्या मिसेसचं आहे. शेवट वाचून दोन दिवस जेवली नाही ती. आज तू येणार म्हटल्यावर तिनं मुद्दाम पाठवलं. सही करतेस?"

भिंगरीनं पेन घेतलं. "कुठलं नाव लिहू?"

"पुस्तकातलंच लिही ना. पाखरू."

तिनं लिहिलं. जीभ दातात धरून, वळणदार. धाकटी हात जोडून उभी होती. तिनं विचारलं, "साहेब, मग नळ?"

"ते आता संपलं ना बाई," साहेब म्हणाले. चिडून नाही हं, अगदी समजावल्यासारखं. मग पुस्तकावर फुंकर घालून शाई वाळवली.

घरी परत येताना रिक्षात भिंगरी धाकटीच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, तू छान बोललीस. एकही शब्द चुकली नाहीस." धाकटीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. माझ्या जिभेवर आलं होतं, गिळलं. सगळ्या जगाशी भांडायला मला येतं, या पोरीशी काय भांडू?

घरात शिरलो. भिंगरी दारातल्या खुर्चीत धपकन बसली, चपला काढल्या, पायांवर पट्ट्यांचे वळ उठले होते. उन्हानं आणि बोलून बोलून तिचा घसा सुकला होता.

"काकू, पाणी दे ना."

घरात दुसरं पाणी नव्हतं. गल्लीतही नव्हतं. मी माठापाशी उभी राहिले, जरा वेळ. मग पेला भरून तिच्या हातात दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि परत पुढं केला, आणि मी परत भरला.